विठोबा कुबलाच्या मांगरातली मोटार

१

शुक्रवारी सकाळी कुंभारमाठाच्या चढावर गुरुदास कुबलाच्या मोटारीने काळा धूर ओकला, चार आचके दिले आणि ती बंद पडली. गुरुदासने ती कशीबशी दांडीवर, आमच्या किनाऱ्यावरच्या वाडीत, परत आणली आणि तसाच घामाने निथळत माझ्या पडवीत येऊन बसला. मी चहा टाकत होतो. एकट्या माणसाचा चहा. दूध घातलं काय न घातलं काय, तक्रार करायला कोणी नाही.

"नाकेदारकाका, माझी गाडी कोणीतरी मुद्दाम बिघडवल्यान," तो म्हणाला.

"गाड्ये बिघडतत रे. माझा घड्याळ सुद्धा बिघडता. तेका कोण मुद्दाम हात लावता?"

"ही बिघडाची नाय. काल दुपारपर्यंत पाण्यासारखी चालत होती."

मी सहदेव परुळेकर. जन्म कस्टमच्या नाक्यावर गेला. गोवा पोर्तुगिजांकडे होता तोवर तिकडून येणाऱ्या होड्या तपासायच्या, तांदळाच्या गोणीतून परदेशी घड्याळं काढायची, हेच काम. गोवा मोकळा झाला, नाके उठले, मीही उठलो. बायको त्याआधीच गेली. मुलगा मुंबईला आहे, गणपतीला येतो म्हणतो आणि येत नाही. तपकिरीने नाक केव्हाच मेलंय, मोगऱ्याचा वास कळत नाही की कुजक्या मासळीचा. 'नाकेदाराक नाक नाय' म्हणून बाजारात टिंगल चालते. चालू दे. डोळे अजून शाबूत आहेत.

गुरुदास हा माझ्या शेजारच्या विठोबाचा एकुलता झील. गाबिताचा, म्हणजे मासेमाराचा पोर, पण होडीत न बसता शाळेत बसला, शिकला आणि मुंबईतल्या एका मोटार कारखान्यात इंजिनियर झाला. या वैशाखात तो कारखान्याची एक गाडी घेऊन गावी आला होता. दिसायला इतर गाड्यांसारखीच, पण आतलं इंजिन त्याने स्वतः घडवलेलं. खाऱ्या हवेत, उन्हात आणि घाटात ते टिकतं का, हे बघायचं होतं. इंजिनाचा विषय निघाला की तो मालवणी सोडून पुस्तकी मराठीत शिरायचा.

"साध्या इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाट ठेवावं लागतं," तो सांगायला लागला. "हवा वाढवली तर पेट्रोल वाचेल, पण मग ते पातळ मिश्रण ठिणगीने पेटत नाही. म्हणून मी इंजिनाच्या डोक्यात एक चिमुकली खोली केलीय. तिथे थोडंसं दाट मिश्रण पेटतं, त्याची ज्वाळा मोठ्या खोलीत शिरते आणि तिथलं पातळ मिश्रण पेटवते."

"म्हणजे सुक्या चुडतान ओली लाकडा धरवची."

"तेच, काका." तो पहिल्यांदा थोडासा हसला. "साधी गाडी जेवढ्या पेट्रोलात कणकवलीला जाऊन परत येते, तेवढ्यात ही पुढे नांदगाव गाठून परत येते. सोमवारी मुंबईहून मोठे साहेब येताहेत. त्यांना बसवून वैभववाडीपर्यंत न्यायची आणि आणायची. जमलं तर पुढच्या वर्षीपासून कारखान्याच्या प्रत्येक गाडीत हे इंजिन बसेल. नाही जमलं तर विषय कायमचा बंद. माझं सगळं तरुणपण यात गेलंय. लग्नसुद्धा राहून गेलं."

"मग हयसर काय बसलंस? इंजिन उघड आणि बघ."

त्याने मान खाली घातली. "उघडूक येणा नाय. बॉनेटाक शिशाचा सील लागला."

२

सील लावणारा माणूस सुखटणकर. कारखान्याने गुरुदासबरोबर निरीक्षक म्हणून धाडलेला. डाकबंगल्यावर उतरलेला, पांढरा शर्ट, नाकाला रुमाल. मी गेलो तेव्हा व्हरांड्यात उभा राहून स्वतःच्या जीपकडे वैतागून बघत होता. महिन्याभरात तिच्या बंपरवर गंजाचे ठिपके उठले होते.

"तुमच्या हवेने लोखंड खाल्लं माझं," तो म्हणाला. "आणि हा वास. रस्त्यावर वास, बाजारात वास. कुबलांच्या गाडीत बसलो तर तिथेही तोच. कसे राहता तुम्ही लोक?"

"माझ्या नाकाला काही कळत नाही, साहेब. मी सुखी आहे. सील का लावलंत?"

"कारण मी शेजारी बसलेलो असताना गाडी बंद पडली. इंजिन स्वतःच्या दोषाने बिघडलं असेल, तर ते गुपचूप दुरुस्त करून साहेबांपुढे उभं करू देणं ही लबाडी होईल. माझा कुबलांवर राग नाही."

"आणि कोणी बिघडवलं असेल तर?"

"तर सिद्ध करा. कोणी, कसं आणि का. मी माझ्या हाताने सील तोडतो. पण सोमवारच्या आत."

लोक म्हणत होते की सुखटणकराला स्वतःचं वेगळं इंजिन पुढे आणायचंय. असेलही. पण ज्याला एखादी वस्तू बुडवायची असते तो ती वाचवायची वाट अशी उघडी ठेवत नाही. मी त्याला मनातून निम्मा सोडला, निम्मा ठेवला.

मग मी मांगर बघायला गेलो. दांडीवर विठोबाच्या घरामागे माडांत तो होडीचा मांगर आहे. वर नळे, म्हणजे कौलं, तिन्ही बाजूंना चुडतांची, माडाच्या झावळ्यांची, विणलेली कूड, पुढे दार. पूर्वी पावसाळ्यात त्यात विठोबाची होडी असायची. बायको गेली, झील मुंबईला, बरोबर जायला माणूस नाही, म्हणून होडी किनाऱ्यावर पडून कुजली आणि शेवटी लाकडाच्या भावाने गेली. त्यानंतर मांगर रिकामा होता. आता होडीच्या जागी मोटार उभी होती.

दाराचं कुलूप ठीक होतं. सीलही ठीक होतं, सील बघणं तर माझा धंदाच. गाडी आरशासारखी चमकत होती. बॉनेटवर दोन मांजरं पसरली होती आणि तिसरं खाली बसून चाकाच्या आतली बाजू चाटत होतं.

"इंजिन गरम असता म्हणान बसतत," गुरुदास म्हणाला.

"कुलूप कोणाकडे?"

"चावी फक्त माझ्याकडे. काल सांजेक लवू मेस्त्री आत होतो, प्लग साफ करूक. मी भायर उभो होतंय." त्याचा आवाज खाली आला. "काका, असा धूर यायला तीनच कारणं. पेट्रोलात भेसळ, पेट्रोल सोडणारा जेट सरकवलेला, किंवा हवेचं भोक बुजवलेलं. इंजिनाच्या मागच्या अंगाला एक पितळेची नळी आहे, तिच्या तोंडातून ती जादा हवा येते. तोंड खाली वळवलंय, आपोआप कचरा जाणार नाही. यातलं काहीही करायचं तर करणाऱ्याला हे इंजिन नीट कळायला हवं. माझ्याशिवाय ते दोघांनाच कळतं. सुखटणकर आणि लवू."

मी कुडीकडे बघत होतो. जुनी तपकिरी चुडतं, आणि मागच्या कोपऱ्यात एक ओलं हिरवं चुडत मधेच विणलेलं. वैशाखात लोक कुडी शाकारतातच, म्हणून मी ते तेवढ्यावर सोडलं. इंजिन मला कुठे कळत होतं? आणि गाडी तर सकाळपासून मांगरात थंड उभी होती, तरी मांजरं हलत नव्हती. ते मात्र माझ्या डोक्यात राहिलं.

३

लवू मेस्त्री एसटी स्टँडमागे दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याला मी एकदा गोव्याकडून येताना पकडलं होतं, सदऱ्याच्या अस्तरात घड्याळं होती. ते तो विसरला नव्हता आणि मीही नाही.

"इलास?" त्याने पाना खाली ठेवला नाही. "माका ठावक होता तुमी येतलास. मालवणात काय पण होवंदे, लवू आसाच."

"काल मांगरात काय केलंस?"

"प्लग साफ केलंय आणि इलंय. दुसऱ्या कशाक हात लावूक दिना नाय तो. त्या गाडयेक तो देवासारखो जपता. पयल्याच दिवशी बापाशीक सांगितल्यान, 'बाबा, हिका हात लावू नका, तुमचे हात तेलकट आसत.' माझ्यासमोर सांगितल्यान. म्हातारो हात मागे घेवन उभो रवलो." लवू थांबला. "माका ता बरा वाटला नाय. माझो बापूस असतो तर मी तसा बोललंय नसतंय."

"आणि तुका काय मिळाला असता गाडी मोडून?"

"काय नाय. उलट गाडी पास झाली तर तो माका मुंबैक नेतलो म्हणालोहा. हय रवान मी काय करू? तुमच्यासारखो एकटो बसान म्हातारो होवू?"

हे मला लागलं, पण खोटं नव्हतं. लवूचा फायदा गाडी चालण्यात होता.

रामचंद्र शेटचा पेट्रोल पंप बाजाराच्या तोंडाशी. गावात अर्ध्या लोकांचं म्हणणं, पेट्रोल वाचवणाऱ्या गाडीचा पहिला दुश्मन तोच. मी विचारलं तेव्हा तो हँडल फिरवायचा थांबला आणि माझ्याकडे बघतच राहिला.

"नाकेदारानू, मालवणात गाड्ये किती? डॉक्टराची, मामलेदाराची आणि दोन खटारे. तेनी पेट्रोल वाचवल्यानी तर माझो काय डुबतलो? ट्रक आणि एसटी तर डिझेलवर." मग हळूच म्हणाला, "भेसळीचा म्हणत असशात तर त्याच टाकीतला पेट्रोल जीपेक घातलंय. ती चलता मगे?"

जीप चालत होती. म्हणजे पेट्रोल नाही. उरलं जेट आणि भोक, आणि उरला सुखटणकर. पण चावी त्याच्याकडे नव्हती, आणि इस्त्रीचा शर्ट घालून तो कुडीतून आत शिरल्याचं चित्र काही माझ्या डोळ्यांपुढे येईना. एवढं करून मी होतो तिथेच होतो, आणि शनिवार उजाडला होता.

४

शनिवारी सकाळी मी विठोबाच्या घरी टेकलो. विचारायला म्हणून नाही, नुसता टेकलो. त्याच्या घरी चहा माझ्यापेक्षा वाईट असतो, पण समोर माणूस असतं.

विठोबा घरापुढच्या खळ्यात बसून कापूस वळत होता. समुद्राने तासलेला हडकुळा म्हातारा, बोटं मात्र जाड आणि भक्कम.

"वाती करतंस?"

"हाताक चाळो," तो म्हणाला. "झील काय म्हणता? गाडी चलतली?"

"बघूया. तो तुका काय सांगणा नाय?"

"तेका वेळ खंय आसा? जेवक येता, जेवता, जाता. तेची आवस जिती होती तेव्हा बोलत होतो. माझ्याकडे काय बोलतलो? माका इंजिनातला काय कळता?" त्याने वळलेला कापूस उजेडात धरून बघितला आणि परत वळायला घेतला. "पावस तोंडार इलो. ती गाडी पावसाची खंय ठेवतले, मुंबैक?"

"कारखान्यात ठेवतले."

"कारखान्याक नळे आसत मगे?"

"आसत रे बाबा."

मला एकदम माझ्या मुलाची आठवण आली. तो काय काम करतो, हे मलाही धड सांगता येणार नाही. कोणी विचारलं तर मी 'बँकेत' म्हणतो आणि विषय बदलतो.

संध्याकाळी मी किनाऱ्यावर गेलो. हंगाम संपत आला होता. होड्या ओंडक्यांवरून वर ओढलेल्या, उलट्या घातलेल्या, आणि जो तो आपल्या होडीला मुशी माशाचं तेल चोळत होता. पावसाळ्याआधी हे तेल लावलं नाही तर लाकूड फुटतं. हिरा गाबतीण डबा घेऊन तेल विकत फिरत होती. तिला बघून मी विषयाला विषय म्हणून विचारलं, यंदा तेल बरं खपतंय का.

"खपता तर," ती म्हणाली. "ज्येका होडी आसा तो घेता, आणि ज्येका नाय तो पण घेता. विठोबानं दोन वेळा नेल्यान. मी म्हटलंय, मामा, होडी खंय आसा तुमची? तर हसलो नुसतो."

मी घरी जायला वळलो. तेवढ्यात नुकत्या माखलेल्या एका होडीखाली दोन मांजरं दिसली. मान वाकडी करून ती फळी चाटत होती, अगदी मन लावून.

मी तिथेच वाळूत बसलो. मांगरातलं मांजरही चाक असंच चाटत होतं. नाक असतं तर हे मला शुक्रवारीच कळलं असतं. आणि ज्यांना नाक होतं त्यांना त्या वासाची जन्माची सवय, म्हणून त्यांनाही कळलं नाही. एकट्या सुखटणकराने नाक मुरडून सांगितलं होतं, आणि मी ते हसण्यावारी नेलं होतं.

५

रविवारी सकाळी मी परत विठोबाकडे गेलो. या वेळी विचारायलाच गेलो.

"विठोबा, वाती एवढ्यो जाड कोण करता?"

त्याने वर बघितलं नाही.

"तू होडयेच्या फळयांच्या फटीत भरतंस तसो कापूस वळत होतंस. तेलात बुडवन, राळ लावन. मांगराची कूड तूच इणलंस, ती खयसून सोडवची आणि परत इणूची ता तुका ठावक. दोपारी झील निजता तेव्हा तू मागसून आत जातंस. जीपेक गंज चढलो आणि ह्या गाडयेक एक ठिपको नाय. मुशीचा तेल लावलंस मगे?"

"लावलंय," तो म्हणाला. अगदी साधेपणाने, लपवलेलं काही नसल्यासारखा. "खारो वारो लोखंडाक सोडणा नाय. ह्येंका मुंबैच्या लोकांका काय ठावक? इल्या दुसऱ्या दिसापासून लावतंय. उताणो पडान खालसून सुद्धा लावलंय."

"आणि भोक?"

"होय, ता मोठा भोक होता. मागल्या बाजूक, नळयेक. झील घाईत इसारलो असतलो. त्येतसून पाणी शिरला असता तर सगळा इंजिन गेला असता. पावस तोंडार. गुरवारी बुजवलंय. बरा घट्ट बुजवलंय, थेंब जावचो नाय."

सगळं गाव चोर शोधत होतं.

"माका सांगाक काय झाला तुका? दोन दिवस आमी विचारत फिरतो."

"माका कोणी इचारल्यानच नाय," विठोबा म्हणाला.

खरं होतं. मी लवूला विचारलं, शेटला विचारलं, सुखटणकराला विचारलं. विठोबाच्या घरी बसून चहा प्यालो, आणि त्याला मात्र काही विचारलं नाही. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही असेल असं माझ्याही मनात आलं नाही. माझी मलाच लाज वाटली.

मग मी त्याला सांगितलं. ते भोक विसरलेलं नव्हतं, ते इंजिनाचं नाक होतं, आणि नाक बुजल्यामुळे इंजिन घुसमटलं. म्हाताऱ्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. शेवटी हात गुडघ्यांवर ठेवून तो त्या हातांकडेच बघत राहिला.

"झिलाक सांगू नको," तो म्हणाला. "माका हात लावू नको म्हणालोहा. तेका सांगलंस तर तो परत येवचो नाय."

६

दुपारी मांगरात आम्ही चौघं होतो. सुखटणकर, गुरुदास, लवू आणि मी. तिघांची पाठ विठोबाच्या घराकडे होती.

"साहेब, सील तोडा," मी म्हणालो. "इंजिनात दोष नाही. मागच्या नळीचं भोक बुजवलंय. तेलात भिजवलेला कापूस, वर राळ. एक टाचणी घेऊन ओढलात की सगळा बाहेर येईल."

गुरुदासने लवूकडे बघितलं. लवूने पाना घट्ट धरला.

"त्याच्याकडे बघू नको," मी म्हणालो. "तू आणि मी, दोघांनी एकच चूक केली. आपण म्हटलं, भोक बुजवणाऱ्याला इंजिन कळत असणार. उलट आहे. ज्याला इंजिन कळतं तो बिघडवायला जेट सरकवेल, तार तोडेल, पेट्रोलात साखर टाकेल. मी जन्मभर लबाड माणसं बघितली. वाईट करणारा घाईत असतो. हा माणूस घाईत नव्हता. त्याने आधी सगळी गाडी माखली, मग भोक शोधलं, मग बसून बुजवलं. जो भोक बुजवतो तो वस्तू बुडू नये म्हणून बुजवतो."

"नाव," सुखटणकर म्हणाला. "कोणी, कसं आणि का. तसं ठरलंय आपलं."

रात्रभर मी खोटं नाव शोधत होतो, एखादा पळून गेलेला खलाशी, एखादा वेडा. कस्टमच्या नोकरीत इतकी खोटी बयानं ऐकली की एक मलाही रचता आलं असतं. तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात मागच्या कोपऱ्यातलं हिरवं चुडत हललं. कूड बाजूला झाली आणि विठोबा वाकून आत आला. तीच त्याची रोजची वाट.

"मिया," तो म्हणाला. "मिया बुजवलंय. नाकेदाराक त्रास देव नका."

गुरुदासच्या कपाळावरची शीर फुगलेली मला दिसत होती.

"बाबा, तुमका सांगितलेलंय मगे, हात लावू नका?"

"सांगितलंस."

"मग कित्याक लावलास?"

"होडयेच्या जाग्यार उभी होती," विठोबा म्हणाला. "माका बघवला नाय. हात लावल्याशिवाय कशी ठेवची?"

सुखटणकर पुढे गेला. सील तोडलं, बॉनेट उचललं, बाही वर सारून मागे हात घातला आणि लवूकडून टाचणी मागितली. कापूस एका अखंड वातीसारखा बाहेर आला. त्याने तो नाकाशी नेला, झटकन दूर केला, आणि मग पुन्हा बघितला. इतकं नीट काम त्याने कारखान्यात बघितलं नव्हतं, असं तो पुढे मला म्हणाला.

गुरुदास गाडीखाली उताणा पडला. बराच वेळ तो तिथेच होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या बोटांना तेल होतं आणि तो ती अंगठ्याने चोळत होता. लहानपणी आपल्या होडीला तेल लावताना बापाशेजारी बसायचा तो पोर मला आठवला. त्यालाही आठवलं असावं. त्याने गाडी चालू केली. धूर नव्हता. मांगरात नुसती एकसारखी घरघर.

"चलता?" विठोबाने विचारलं.

"चलता," गुरुदास म्हणाला, आणि साहेबांच्या तयारीला निघून गेला.

७

सोमवारी गाडी वैभववाडीपर्यंत गेली आणि परत आली. साहेब खूश झाले. सुखटणकराने खरं काय झालं ते त्यांना सांगितलं, आणि तेही हसले म्हणे. लवूला कारखान्यात जागा मिळाली. जाताना गुरुदास बापाच्या पाया पडला, माझ्याही पडला. "पावसाआधी येतंय," म्हणाला. गाडी कुंभारमाठाकडे वळली आणि विठोबा रिकाम्या मांगरात जाऊन जमिनीवर पडलेले तेलाचे डाग मातीने झाकत बसला. मी त्याच्याबरोबर बसलो. मला तरी घरी कोण वाट बघत होतं?

गुरुदास त्या पावसाआधी आला नाही. गणपतीलाही नाही. काम वाढलं होतं, हे मला मुंबईहून आलेल्या लोकांकडून कळायचं. विठोबाला मी सांगायचो. तो "बरा," म्हणायचा. माझा चहा आता दोघांचा होत होता, आणि दूध कमी पडलं तर तो तक्रार करायचा. तेवढं बरं वाटायचं.

पुढल्या वर्षी दिवाळीनंतर कुडाळच्या डॉक्टरांनी नवी गाडी घेतली आणि ती मालवणच्या बाजारात आणली. रामचंद्र शेटच्या पंपावर ही गर्दी. मी तसाच गेलो आणि विठोबाला धरून आणलं.

"डॉक्टरसाहेब, जरा पुढचं उघडून दाखवता?"

डॉक्टरांनी हौसेने बॉनेट उचललं. "नवीन इंजिन आहे. पेट्रोल फार कमी खातं," ते सगळ्यांना सांगत होते. मी मागच्या बाजूला वाकून बघितलं. पितळेची नळी होती, तोंड खाली वळवलेलं. पण आता त्या तोंडावर एक छोटीशी पितळी टोपी होती. तिला बाजूने बारीक चिरा होत्या, हवा जाईल एवढ्या. गुरुदासने आपल्या गाडीत ती बसवली नव्हती. ही त्यानंतरची.

"बघ," मी विठोबाला म्हणालो. "तुझ्या झिलान टोपी घातल्यान. पाणी शिराचा नाय आणि भोक पण बुजाचा नाय. आता जितक्यो गाड्यो निघतल्यो तितक्यांका ही आसतली."

विठोबा वाकला. त्याचे डोळे हल्ली नीट चालत नाहीत, तोंड अगदी जवळ नेऊन त्याने बघितलं. मग त्याचा हात पुढे गेला आणि मधेच थांबला. त्याने तो मागे घेतला, पंच्याला दोनदा पुसला, आणि डॉक्टरांकडे वळला.

"हात लावू काय?" त्याने विचारलं.

डॉक्टरांना काही समजलं नाही. "लावा की," ते म्हणाले.

विठोबाने बोट त्या टोपीवर ठेवलं. शेट गाडीत पेट्रोल भरत होता, लोक दुसरं काहीतरी बोलायला लागले होते, आणि डॉक्टर बॉनेट मिटायची वाट बघत उभे होते. तरी त्याने बोट लवकर काढलं नाही.